हाकेला ओ न देणारा फड

बंब उशिरा आला म्हणून तुम्ही कधी बंबाच्या काचेवर दगड भिरकावलाय का? खरं सांगा, इथं कोणी पंचनामा करत नाही. दगड नसेल भिरकावला तर शिवी दिली असेल. शिवीही नसेल दिली, तर मोटरसायकल रस्त्यात आडवी लावून मोबाइलवर जाळाचं शूटिंग तरी नक्की केलं असेल.

महिपतीच्या डाव्या भुवईवरची खाच अशाच एका दगडाची. टाकीतलं पाणी संपलं म्हणून गाडी भरून आणायला मागं वळली आणि जमावाला वाटलं, हे घाबरून पळाले. दगड मारणारा पुढं बाजारात भेटला, ओळखीचा निघाला, ओशाळून चहा पाजतो म्हणाला. महिपती म्हणाला, "चहा नगं. फकस्त पुढच्या टायमाला नेम चुकव."

महिपती बारामतीतल्या अग्निशमन केंद्रात फायरमन. मूळचा इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. केंद्र म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला रिकामटेकड्यांचा अड्डा वाटतो. कॅरम, चहा, कोणाची तरी भाकरी कोणीतरी खाल्ली म्हणून भांडण. पण गाडीजवळ जाऊन बघा. गमबूट रांगेत उभे असतात, पँटी त्यांच्यावरच गुंडाळून ठेवलेल्या, म्हणजे घंटा झाली की पाय घालायचे आणि वर ओढायचं. दिवसाउजेडी सुद्धा ती रांग बघून नव्या माणसाच्या अंगावर काटा येतो. वाटतं, बुटातली माणसं आत्ताच उभ्या उभ्या विरघळून गेली.

ड्रायव्हर रावजी तिथला सगळ्यात जुना. त्याने पाळलेली एक रीत तिथं सगळेच पाळतात. ज्या कॉलवर माणूस दगावतो, तिथून परतल्यावर गाडीच्या मागच्या केबिनचं दार लगेच लावायचं नाही. सगळ्यांचा चहा होईपर्यंत ते सताड उघडं. "कोण बसून आलं आसंल तर उतरू द्या बापड्याला," रावजी म्हणतो, "न्हायतर पुढल्या कॉलला आपल्याबरोबरच यायचं." महिपती यावर हसतो. पण चहा व्हायच्या आधी दार लावायला त्याचाही हात पुढं होत नाही.

त्याचा खरा विश्वास आहे तो पाठीवरच्या हवेच्या टाकीवर. हवा संपत आली की ती शिट्टी मारते. धुरानं भरलेल्या खोलीत स्वतःचा हात दिसत नाही आणि पाठीमागून कोणीतरी चिरक्या आवाजात बोलवायला लागतं, ते ऐकलेला माणूस ते विसरत नाही. महिपती म्हणतो, "ही शिट्टी खोटं बोलत न्हाय. माणसंबी खोटं बोलत न्हाईत म्हणा, पण माणसाला ठावं नसतं आन तरी त्यो सांगतो."

हे तो नुसतं म्हणायचा. त्याचा अर्थ त्याला माघातल्या एका दुपारी कळला.

कॉल आला, माळेगाव बुद्रुकच्या शिवारात ऊस पेटलाय. पेटला नव्हता, पेटवला होता. हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मिळून ते माहीत नसल्यासारखं करतात. वाळलेलं पाचट जळून गेलं की टोळीला तोडायला सोपं जातं, म्हणून उभ्या फडाला चारी बाजूंनी काडी लावायची. जाळ कडेकडेनं आत जातो आणि मध्यावर भेटतो. आतला ससासुद्धा बाहेर पडत नाही. त्या दिवशी वारा फिरला आणि जाळ बांध ओलांडून शेजाऱ्याच्या उसात शिरला. तेव्हा कुठं बंबाची आठवण झाली.

रस्त्यात उसानं लादलेला, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. वर स्पीकर लावलेला. सायरन त्याच्या कानात शिरेना. रावजीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आरं ए नवरदेवा! वरात बाजूला घी की! तुजी नवरी काय पळून चालली व्हय?"

ट्रॅक्टर बाजूला झाला आणि पुढं आभाळच काळं दिसलं. वाऱ्यावर जळक्या पाचटाच्या काळ्या चिंध्या तरंगत येत होत्या, बिनआवाजाच्या. गाडीच्या काचेवर, भुवयांवर, ओठांवर बसत होत्या. फडाच्या आत उसाची कांडी तडातड फुटत होती, जणू कोणी दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडतंय.

फडाचा मालक युवराज बांधावर उभा होता. पांढरा शर्ट, कानाला फोन. महिपतीनं होजचा पाइप ओढता ओढता विचारलं, "आत कोण हाय का?"

"कोण न्हाय!"

"बघून सांगा. टोळीतलं एखादं, गवत कापणारी बाई..."

युवराज भडकला. "आवो, मी काय हैवान हाय का? काडी लावायच्या आदी चारी बांधावरनं फिरलोय. नरडं फुटंस्तोवर हाळी दिलीया. चिटपाखरानं ओ दिली न्हाय. तुमी पलीकडचं इजवा आदी, माजं त्ये माज्या पैशाचं जळतंय!"

तो खोटं बोलत नव्हता. हाळी त्यानं खरंच दिली होती.

शेजाऱ्याचा ऊस वाचला. युवराजचा फड मात्र आतल्या आत पेटत राहिला, तो तर जळायलाच होता. होज गुंडाळायला घेतले तेव्हा महिपतीच्या कानावर एक आवाज आला. जाळाच्या पोटातून. खोकला. पूर्ण खोकलासुद्धा नाही, सुरू होऊन कोणीतरी तो तोंडातच दाबून टाकावा, तसा. महिपतीनं हात वर केला. रावजीनं इंजिन बंद केलं. सगळे कान देऊन उभे राहिले. कांडी फुटत होती, बाकी काही नाही.

"ऐकलंस?"

"काय?" रावजीनं विचारलं.

"रानडुक्कर आसंल," युवराज म्हणाला. आणि त्या धगीत आत पाऊल टाकायची सोय नव्हती. महिपतीनं जागेवरूनच जोरात हाक मारली, "कोण हाय का आत?" आतून ओ आली नाही.

परतताना मागच्या केबिनमध्ये ओल्या होजचा ढीग टाकला होता, म्हणून सगळे पुढंच दाटीनं बसले. रावजीची नजर सारखी आरशाकडं जात होती. आरशात रस्ता दिसत होता, दुसरं काही नव्हतं. तरी तो बघत होता.

केंद्रात पोहोचले, हातपाय धुतले. महिपती बाहेर आला तर मागच्या केबिनचं दार सताड उघडं.

"रावजी, दार कशाला उघडलंस? आज कोण गेलं न्हाय."

रावजी चहाचं पातेलं हातात घेऊन थांबला. "मी न्हाय उघडलं. मला वाटलं, तूच."

दोघांनीही बाकीच्यांकडं बघितलं. त्यांनी माना हलवल्या. आता त्या दाराचा खटका ढिला आहे, गाडी खड्ड्यातून आपटली की सुटतो, हे रावजीनंच पूर्वी सांगितलेलं. तेव्हा भूतबीत काही नाही, कोणी उदबत्ती लावायला धावू नका. पण कारण माहीत असूनही दार लावायला कोणी उठेना. होजच्या ढिगावरनं एक काळी चिंधी उडाली, हळूहळू दारातून बाहेर आली आणि चहाच्या पेल्यात पडली.

महिपतीनं फोन काढला आणि वरकुट्याला आईला लावला. अनसूयाबाई पलीकडून म्हणाल्या, "ह्या वक्ताला कसा काय फोन? जेवलास न्हवं?"

"आई, तू म्हशीला गवत काढाया लोकांच्या उसात जायचीस ना?"

"जायची की. दुनिया जायची. आज का आठवलं तुला?"

"आन मालकानं बांधावरनं हाक मारली तर? आत कोण हाय म्हणून?"

आई हसल्या. "मालकाच्या हाकंला कोण ओ दील रं येड्या! इळा काढून घ्यायचा, भारा इस्कटायचा, वर आयमाय काढायचा. सरीत दबून ऱ्हायाचं. त्यो जितकं जोरात वरडंल तितकं खाली. खोकला आला तर पदर कोंबायचा तोंडात."

महिपतीनं फोन ठेवला. हा आपलाच मुलूख, ही आपलीच माणसं, आणि आपण बांधावर उभं राहून मालकाच्याच आवाजात हाक मारली!

केंद्राच्या साहेबांसमोर जाऊन तो म्हणाला, "गाडी परत काढाया पायजे."

"कॉल क्लोज झालाय, महिपती. मागनं दुसरा आला तर काय करू? कशाच्या जोरावर गाडी देऊ?"

"आईच्या."

आई फोनवर काय म्हणाली ते महिपतीनं सांगितलं. साहेबांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि थट्टा केली नाही. गाडी द्यायची सोय नव्हती, पण तू हो पुढं, मी अ‍ॅम्ब्युलन्सला सांगतो, म्हणाले. महिपती रावजीच्या मोटरसायकलवर निघाला.

सूर्य कारखान्याच्या धुराड्यामागं टेकला होता. तांबडा उजेड जळक्या फडावर पडलेला. पाला जाऊन नुसते काळे ऊस उभे होते, बारीक, हाडकुळे, एकमेकांना खेटून, आणि सगळ्यांची तोंडं जणू रस्त्याकडंच. जमीन अजून धगधगत होती. युवराज बांधावर जीप लावून तोडीची वाट बघत होता. महिपतीनं दोन वाक्यांत सांगितलं. युवराजचा चेहरा पांढराफटक पडला. तो तडक फडाच्या कडेला धावला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "कोण हाय रं आत? भाईर या!"

आणि फड गप्प झाला. आधी निदान काहीतरी कुरकुरत होतं, विझता निखारा, तडकता ऊस. त्या हाकेसरशी तेही थांबल्यासारखं वाटलं. युवराज पुन्हा ओरडणार, तोच महिपतीनं त्याच्या तोंडावर पंजा दाबला.

"गप! तुमी वरडताय म्हणूनच ती बोलंना. जीपमधी बसा. मोठ्यांदा चालू करा आन जावा. तुमी गेल्याचं तिला ऐकू जाऊ द्या."

"कुणाला?"

"जी कोण आसंल तिला. जावा म्हणतो ना!"

जीपचा आवाज लांब जाईपर्यंत महिपती थांबला. मग फडात शिरला. काळे ऊस खांद्याला, गालाला घासत होते, प्रत्येक जण कुठंतरी काळी रेघ ओढत होता. तो हळू आवाजात बोलू लागला. "मावशे, मालक गेला. मी बंबवाला हाय, वरकुट्याच्या अनसूयाचा ल्योक. माजी आईबी असंच गवत काढायची. कोण काय बोलणार न्हाय. इळाबी घेणार न्हाय कोण." चार पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा तेच बोलायचा. उत्तर नाही. मेलेल्या माणसाशी बोलत असल्यागत त्याचा स्वतःचाच आवाज त्याला नकोसा झाला. परत फिरावं असं मनात आलं.

"खरंच गेला का?"

आवाज त्याच्या पायाखालून आला. इतका जवळून, की तो दचकून मागं कोलमडला. फडाच्या मधून पाणी निचऱ्याची चारी गेली होती. चारीतला चिखल हलला. चिखलाला दोन डोळे उघडले.

ती मुक्ताबाई होती, वस्तीवरची. चिखलात पाठ रुतवून पडलेली, ओलं लुगडं तोंडावर ओढलेलं, केसांची टोकं जळून वळलेली. चारीतलं पाणी न्हाणीतल्या पाण्यागत कढत झालं होतं. गवताचा भारा जळून गेला होता, पण विळा अजून मुठीत होता. मूठ सोडवता सोडवेना. महिपतीनं तिला उचलून खांद्यावर घेतलं, तर ती कानाशी पुटपुटली, "त्यास्नी सांगू नगा."

मुक्ताबाई वाचली. घरचे म्हणत होते, ती निमगाव केतकीला बहिणीकडं गेली असेल, म्हणून कोणी शोधतही नव्हतं. पाठ भाजली आणि आवाज गेला, आता कुजबुजल्याइतकंच बोलता येतं. महिपती भेटायला दवाखान्यात गेला, तेव्हा तिनं त्याला जवळ बोलावून सांगितलं, "तुमचा बंब आल्याला मला कळला. तुमी इचारलं, आत कोण हाय का. मालकानं सांगितलं, कोण न्हाय. लई खात्रीनं सांगितलं. पडल्या पडल्या मला वाटलं, खरंच की, हितं मी न्हाय. मग कसली भीतीच ऱ्हायली न्हाय बगा." हे सांगताना ती हसत होती. महिपतीला मात्र त्यानंतर कितीतरी दिवस भाकरी गोड लागली नाही.

युवराज दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होता, "मी हाळी दिली व्हती." दिली होती, बाबा. पण त्याच तोंडानं, त्याच बांधावरनं, वर्षानुवर्षं कशाकशाच्या हाळ्या दिल्या, ते आठव. त्याच आवाजातली एक हाळी जीव वाचवण्यासाठी होती, हे उसात दबलेल्या बाईनं कशावरून ओळखावं? युवराज एकटाच राक्षस आहे असं समजून सुटू नका. महिपतीसारखा जाणता गडीसुद्धा त्या दुपारी त्याच सुरात ओरडला.

पाचट जाळू नका, हे तर सांगायचं आहेच. पण तुम्ही ऐकणार नाही, हेही ठाऊक आहे. म्हणून एवढंच करा. तुमच्या शिवारात काडी लागणार असेल, तर आधी वस्तीवरच्या एखाद्या बाईला बोलवा, तिला चारी बांधांवरनं हाक मारू द्या: "बायांनो, आग लावत्यात, गवत घेऊन भाईर या, कोण काय बोलणार न्हाय." आणि ती हाक मारत असेल तेव्हा, मालक, तुम्ही तिथं उभे राहू नका. काडीपेटी तिच्या हातात द्या आणि घरी जा.