घाणेरीचं माहेरपण

इंग्लंडच्या हवेला तिच्या तोंडावर 'तुझं चुकतंय' असं सांगणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीचे लोक इथल्या हवेबद्दल कुरकुरतात आणि छत्री घेऊन कामाला निघतात. आमचे दाजी कुरकुरत नाहीत. ऐन जूनमध्ये ते वेम्बलीतल्या आपल्या घराच्या मागच्या दारात उभे राहतात, आभाळाकडे वर्गशिक्षकाच्या नजरेनं बघतात आणि म्हणतात, "अजून सुधारायला वाव आहे." साताऱ्यात वाढलेल्या या माणसानं निम्म्याहून अधिक आयुष्य इथं काढलं, कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी करून तो रिटायर झाला, पण ऊन म्हणजे काय याबद्दलची त्याची कल्पना साताऱ्यावरून तसूभरही हललेली नाही. त्या उन्हात जी झाडं फुलतात तीच दाजींना वेम्बलीत फुलवायची असतात. मोगरा, अनंत, जास्वंद, अबोली, गुलबक्षी. शेजारीपाजारी लव्हेंडर आणि गुलाब आपापले उगवत असतात, त्यांच्याकडे दाजी परक्यांच्या मुलांकडे बघावं तसं बघतात. कौतुक असतं, पण जबाबदारी घेत नाहीत.

मोगऱ्याची जबाबदारी मात्र त्यांनी पोटच्या पोरासारखी घेतली आहे. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. माझ्या भाचीची, म्हणजे अनुजाची, लहानपणची प्रॅम ताईनं माळ्यावर जपून ठेवली होती. नातवंडासाठी उपयोगी पडेल असा तिचा हिशेब. अनुजा आता कार्डिफला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे आणि नातवंडाचं नाव काढलं की फोन कट करते. तेव्हा दाजींनी ती प्रॅम खाली काढून तीत मोगऱ्याची कुंडी बसवली. सकाळी ऊन घराच्या पुढच्या बाजूला असतं, दुपारी मागच्या, आणि संध्याकाळी ते समोरच्या फुटपाथवर जातं. त्याप्रमाणे मोगऱ्याला फिरवून आणायचं. वारं असलं की कुंडीभोवती शाल. एकदा ईलिंग रोडवर भाजी घ्यायला दाजी मोगऱ्यासकट गेले. दुकानातल्या गुजराती बा कौतुकानं प्रॅममध्ये वाकल्या आणि पानं बघून दचकल्या. दाजींनी अगदी शांतपणे सांगितलं की झोपलाय, कळ्या धरल्यात. मी शेजारी भेंडीची पिशवी धरून उभा होतो. आमची ओळख नाही असं दाखवायचा मी प्रयत्न केला, पण दाजींनी मला हाक मारून शाल सारखी करायला सांगितली.

एवढं प्रेम, पण फुललेलं फूल ते कधी नाकाशी नेत नाहीत. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे त्यांच्या आईनं त्यांना हातावर फटके देऊन शिकवलं होतं. ते आपल्यालाही शिकवलेलं असतं आणि आपण सोयीनं विसरतो. दाजींनी तो नियम वाढवत नेला. कुठलं फूल कधी देवाला लागेल सांगता येत नाही, म्हणून जगातलं कुठलंच फूल हुंगायचं नाही. इथले लोक बागेत गेले की गुलाबात नाक खुपसून उभे राहतात. ते बघून दाजी तोंड फिरवतात, कुणी नैवेद्याच्या ताटातला लाडू उचलून खाल्ल्यासारखं. एका पार्कात एका सभ्य गृहस्थाला त्यांनी नम्रपणे सांगितलंही होतं की तुमच्यामुळे हे फूल आता सेकंडहँड झालं. गृहस्थांनी सॉरी म्हटलं. इथं लोक कशालाही सॉरी म्हणतात.

मला याचं फार कुतूहल होतं. एकदा मी विचारलं, "मग दाजी, तुम्हाला वास घ्यायचा झाला तर?"

"दुरून येईल तेवढा आपला," ते म्हणाले. "नाकानं ओढून घ्यायचा नाही."

कोविडमध्ये ताईचा वास गेला. ताप दोन-चार दिवसांत उतरला, खोकला गेला, वास मात्र परत आला नाही. पहिल्यांदा आम्ही थट्टा केली. सगळ्यांचा परत येतो, तुझाही येईल म्हटलं. माझ्या या बहिणीचं नाक म्हणजे आमच्या कऱ्हाडच्या घरातलं सरकारी खातं होतं. ती बाहेरून जिना चढताना सांगायची की आमटीत गूळ राहिलाय. तिच्या हाताखाली दूध कधी उतू गेलं नाही, कारण ते तापायला लागलं की तिला पलीकडच्या खोलीत कळायचं. आता तीच ताई करपलेल्या पातेल्यासमोर उभी राहायची आणि धूर दिसेपर्यंत तिला पत्ता नसायचा. मी शनिवार-रविवारी त्यांच्याकडे गेलो की ती माझ्या नाकासमोर वाटी धरून विचारायची, ताक आंबलंय का रे. जेवण म्हणजे ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं म्हणायची. हळूहळू तिनं थालीपीठ करणं सोडलं, मग पुरणपोळी, मग पाहुणे बोलावणं. अनुजानं लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी अशा बाटल्या पाठवल्या आणि रोज हुंगायला सांगितलं. ताई आज्ञाधारकपणे बाटल्या नाकाशी धरायची आणि औषधाचे डोस संपवावेत तशी परत ठेवायची.

एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "वास येत नाही याचं आता मला काही वाटत नाही बघ. पण मोगऱ्याचा वास कसा होता तेच आठवत नाहीसं झालंय. आठवायला गेलं की नुसतं पांढरं दिसतं."

दाजी शेजारच्या खोलीत हवेचा अंदाज ऐकत होते. त्यांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवसापासून त्या मोगऱ्याच्या कळ्यांवर घरातलं सगळं अडून राहिलं.

इथं शेजारच्या जीनबाईंना आणायला हवं. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, टोपी घालून बागकाम करणाऱ्या बाई. दाजींचं आणि त्यांचं कुंपणावरून हवेबद्दल रोज बोलणं होतं आणि त्यात कधीही एकमत होत नाही. त्या जुलैत आठवडाभर त्या बहिणीकडे एडिनबराला गेल्या आणि जाताना कुंड्यांना पाणी घालायचं काम दाजींवर सोपवून गेल्या. दाजींनी काम इमानानं केलं. पाणी घातलं, सुकलेली पानं काढली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं की जीनबाईंच्या सगळ्यात देखण्या कुंडीत, दाराच्या अगदी समोर, घाणेरी माजली आहे. पिवळ्या-केशरी फुलांचे झुबके, खरखरीत पानं, आमच्याकडे बांधाबांधावर उगवते तीच घाणेरी. बिचाऱ्या म्हातारीचं लक्ष नाही, तण केवढं वाढलंय, असं म्हणत दाजींनी शेजारधर्म म्हणून ती मुळासकट उपटली आणि हिरव्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वर तिची माती खुरपून सारखी करून दिली.

जीनबाई परत आल्या तेव्हा रिकामी कुंडी बघून त्यांना वाटलं चोरी झाली. दाजींनी अभिमानानं खुलासा केला. मग जीनबाई मटकन पायरीवर बसल्या. ते तण नव्हतं. तो त्यांचा लँटाना होता. एका फांदीपासून वाढवलेला, हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून जगवलेला, गरम देशातून आलेला नाजूक पाहुणा. दाजी मला फोनवर सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज खोल गेला होता. "अरे, नाजूक म्हणतात त्या. घाणेरीला. आमच्याकडे एसटी स्टँडच्या मागं बकऱ्यासुद्धा तोंड लावत नाहीत." मग म्हणाले, "पण त्या रडल्या रे."

डब्यातून घाणेरी शोधून काढली गेली. तिनं मान टाकलेली होती. दाजींनी तिला आपल्या मागच्या काचेच्या खोलीत आणलं, आणि बरी झाली की पोचवतो असं जीनबाईंना वचन दिलं. ताई म्हणाली, म्हणजे माहेरपणाला आलीय म्हणा की. ते नावच पडलं. ज्या खोलीत मोगरा राजपुत्रासारखा राहत होता तिथं आता एका कोपऱ्यात घाणेरी आली. दाजी मोगऱ्याला कोमट पाणी घालायचे आणि उरलेलं हिला. बोलायचे मात्र हिच्याशीच जास्त, कारण हिची माफी मागायची होती. बाहेर उन्हाची लाट आली. साऱ्या लंडननं हाय खाल्ली, ट्रेनमध्ये लोक लाल तोंडानं बसू लागले, आणि दाजी मागच्या दारात उभे राहून आयुष्यात पहिल्यांदा आभाळाला म्हणाले, "आत्ता कसं."

त्या लाटेत मोगरा फुलला. मी तेव्हा तिथंच होतो. सकाळी दाजी आंघोळ करून, ओल्या अंगानं काचेच्या खोलीत गेले आणि ओंजळीत एकच फूल घेऊन आले. देवघर स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. मला वाटलं ते तिकडे जाणार. ते देवासमोरून सरळ पुढे गेले, ताईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आधी तू घे." ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात एक फूल नकळत हुंगलं म्हणून याच माणसानं तिला तासभर शास्त्र ऐकवलं होतं, ते मला माहीत होतं. तिनं फूल घेतलं, डोळे मिटले, खूप वेळ नाकाशी धरलं. मग हसून म्हणाली, "छान आहे हो." आम्हा तिघांनाही कळलं की तिला काहीही आलेलं नाही. दाजींनी मान हलवली, ते फूल तिच्या केसांत खोचलं आणि बाहेर जाऊन बराच वेळ उगाच पाइपची गुंडाळी करत राहिले. मला माझ्या बहिणीचा इतका राग कधी आला नव्हता, आणि तिच्याबद्दल इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

अनंताच्या कळ्या न उमलताच गळल्या. मोगरा रोज फुलत होता, ताई रोज छान म्हणत होती. ऑगस्टच्या सुरुवातीला घाणेरीनं मात्र चांगलाच जोर धरला. तिला सासरी पाठवायचा दिवस ठरला. मी त्या रविवारी गेलो होतो. दाजींनी दुपारी बसून तिच्या वेड्यावाकड्या फांद्या छाटल्या, पानं चोळून किडी काढल्या, आणि तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात आले. ताई ओट्याशी पाठमोरी उभी राहून काकडी कोचवत होती. मी टेबलाशी पेपर वाचत होतो. दाजींनी माठातलं पाणी घ्यायला हात पुढे केला.

ताई मागे न वळता म्हणाली, "अहो, आधी हात धुऊन या. घाणेरीचा वास मारतोय."

काकडीवरची सुरी थांबली. मी पेपर खाली ठेवला. दाजी पेला तसाच धरून उभे होते. ताई हळूहळू वळली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि नाकाशी नेले. "शी," ती म्हणाली, "काय घाण वास आहे हो," आणि तिला रडू फुटलं. दाजींनी संध्याकाळपर्यंत हात धुतले नाहीत. जेवायला चमचा घेतला. अनुजाला फोन लावला तेव्हा ती तिकडून ओरडली, "बाबा, रिअली? आईला वास आली?" एरवी वास आली नाही, आला, असं दहादा घोकून घेणारे दाजी त्या दिवशी म्हणाले, "हो गं बाळा, आली."

घाणेरी सासरी गेली, पण तिची एक फांदी जीनबाईंनी आपण होऊन दाजींना लावायला दिली. ती आता प्रॅममध्ये बसते. ताईला त्यानंतर एकेक वास परत येऊ लागला. आधी सगळे वाईट. कांदा, रॉकेलसारखं काहीतरी, ओला मोजा. मग हिंग. परवा तिनं थालीपीठ लावलं आणि ते खरपूस झालं. मोगरा मात्र अजून तिच्यापर्यंत पोचलेला नाही. पण ती आता छान म्हणत नाही. दाजी फूल देतात, ती हुंगते आणि म्हणते, अजून नाही हं. दाजी म्हणतात, उद्या बघू. देवाचा नंबर दुसरा.

गेल्या खेपेला आम्ही तिघं मागच्या बागेत बसलो होतो. ताईनं तळहातावरचं फूल उलटसुलट करत विचारलं, "तुम्हीच सांगा ना, कसा असतो मोगऱ्याचा वास?"

इंग्लंडच्या हवेपासून घाणेरीच्या कुळापर्यंत सगळ्यावर बोलणारा तो माणूस तिच्या तळहातावरच्या फुलाकडे बघू लागला. म्हणाला, "मी कुठं कधी फूल हुंगलंय? मला जवळून ठाऊक आहे तो तुझ्या केसांतला."

मग ते तिच्याकडे किंचित वाकले, बहुधा नक्की आठवून सांगण्यासाठी. मी उठलो आणि घाणेरीला पाणी घालायला गेलो. तिला सकाळीच घातलेलं होतं.