भिंतीकडची जागा

“तुम्ही सुरू करा, मी आलेच,” असं ती म्हणायची, आणि म्हणताना आमच्यासमोरच बसलेली असायची. मांडीवर पोर. एका हाताने त्याच्या मुठीतला चमचा सोडवायचा, दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला लांब सरकवायचा. तिला यायचं असायचं ते फक्त स्वतःच्या ताटापर्यंत, आणि तेवढंच तिला कधी जमायचं नाही. तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल.

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात ती आमच्या समोरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. नवरा आमच्या ह्यांच्याच ऑफिसात. मुलाचं नाव मनू, म्हणून आम्ही सगळ्या तिला मनूची आई म्हणायचो. तिचं स्वतःचं नाव विचारावं असं कुणाला सुचलंही नाही.

महाराष्ट्रातून पाहुणा आला की त्याला पानिपत दाखवायला न्यायचं, हा दिल्लीतल्या मराठी माणसाचा धर्मच. त्यामुळे हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबं मिळून मिनीबस ठरवायचो आणि वाटेत मुरथलच्या एका ढाब्यावर नाश्ता करायचो. ढाब्यासमोर हमरस्ता, त्यावर अखंड ट्रक. दीड वर्षाच्या मनूला पहिल्यांदा बरोबर आणलं, त्याच खेपेला तो तिथून सुटला आणि थेट रस्त्याच्या कडेला पोचला. तिने धावत जाऊन त्याला पकडलं. त्या दिवसापासून तिची जागा ठरली. लांबलचक बाकाचं आतलं टोक, भिंतीकडे. तिला बाहेर पडायचं तर चार जणांनी उठायचं. नवरा मात्र समोरच्या बाकाच्या बाहेरच्या टोकाला, सिगारेट ओढायला बरं पडतं म्हणून.

तंदूरमधला पराठा यायचा, ताटाच्या कडेला पांढऱ्या लोण्याचा गोळा, तो गरम पराठ्यावर आपण ठेवायचा. आमचं लोणी वितळून ताटभर पसरायचं. तिचा गोळा होता तिथेच बसलेला असायचा. ती पहिला घास तोडेपर्यंत ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागायचा, मग गार पराठ्याची सुरळी करून ती बसमध्ये खायची. एकदा मला म्हणाली, “वहिनी, मनू झाल्यापासून हे लोणी वितळताना बघितलंच नाही हो.” मी हसले. होईल मोठा, म्हटलं.

खरं सांगते, मला सगळं दिसत होतं. मनूला माझ्याकडे दे, एवढंच म्हणायचं होतं. पण माझी धाकटी नुकतीच शाळेत जायला लागली होती, आणि त्याआधी मीही पाच वर्षं तशीच काढली होती. आता कुठे बाकाच्या मोकळ्या टोकाला बसून गरम खाण्याची चटक लागली होती. पुन्हा मांडीवर पोर घ्यायच्या नुसत्या कल्पनेने धडकी भरायची. म्हणून मी पराठ्यात डोकं घालून खात राहायचे.

एकदा तिच्याच दिराला पानिपत दाखवायचं होतं. पराठे आले, ती नेहमीचं वाक्य बोलली, आम्ही सुरू केलं. मग ती म्हणाली, “जरा उठता का?” पोराला बाहेर न्यायचं असेल म्हणून आम्ही चौघं उठलो. ती बाहेर आली आणि नवऱ्याच्या हातात घास असतानाच तिने मनूला त्याच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्ही सांभाळा. मी सुरू करते.”

आणि लांबच्या एका रिकाम्या टेबलाशी आमच्याकडे पाठ करून बसली. वेटरला म्हणाली, “भैया, एक पराठा. एकदम गरम.”

नवरा अर्धवट उठला, पण तेवढ्यात मनूने डाळीत हात घातला आणि त्याला परत बसावं लागलं. तिचा पराठा आला. तिने लोण्याचा गोळा वर ठेवला आणि हात मागे घेतला. मान खाली घालून लोणी पूर्ण वितळेपर्यंत बघत राहिली आणि मग पहिला घास तोडला. मनू रडायला लागला. तिची पाठ ताठ झाली, पण ती वळली नाही. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. तिने शेवटचा तुकडासुद्धा सावकाश खाल्ला, हात धुतले आणि येऊन मनूला घेतलं.

पुढच्या खेपेला ती पुन्हा भिंतीकडेच बसली. नवऱ्याने जागा बदलली नाही, आणि आम्हीही नाही. याची मला अजून लाज वाटते. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली आणि सामानाचा ट्रक हैदराबादला गेला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या क्वार्टरमधली नवी बिऱ्हाडकरीण आमच्याबरोबर आली, कडेवर वर्षाची मुलगी. ढाब्यावर कुणी न सांगताच ती भिंतीकडे सरकायला लागली. मी तिला अडवलं, पोरीला घेतलं आणि आत जाऊन बसले. पोरीने आधी माझा चष्मा ओढला, मग पेला लवंडला, मग चमच्यासाठी भोकाड पसरलं. पराठे आले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते.

“तुम्ही सुरू करा, मी आलेच,” मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने ताटाकडे पाहिलं. लोण्याचा गोळा होता तिथेच बसला होता.