सासऱ्यांचा काळा झगा

माझे सासरे जळगावचे कापसाचे व्यापारी. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. मुंबई युनिव्हर्सिटीचे ते बी.ए. होते. पदवी मिळून वीस-बावीस वर्षं झाली, तरी दर पदवीदान समारंभाला ते आपला काळा झगा घेऊन मुंबईला जात आणि मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवून येत.

एका वर्षी मला बघायला ते परतीच्या वाटेवरच धुळ्याला आले. गाडीत उकडतं म्हणून त्यांनी धोतर-कोट ट्रंकेत ठेवले होते आणि गंजीफ्राक-पंचावर, झग्याची उशी करून झोपले होते. चाळीसगावला धुळ्याच्या गाडीसाठी घाईघाईने उतरले ते उशी घेऊन. ट्रंक तशीच पुढे भुसावळला गेली. मग काय करतात, पंचावर झगा चढवला आणि आले.

दारात काळा झगा बघून माझी आत्या आत पळत आली. "हाऊ पादरी आपला घर कसाले उना?"

वडील चहा घेऊन सामोरे गेले, पण पाहुणे असे पादरी होऊन कशाला आले, म्हणून तेही बिचकलेलेच होते. आबांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. किती शिकलीस, एवढंच विचारलं. मराठी सातवी, म्हटलं.

"पुढे शिकशील?"

"शिकेन. पण असला झगा घालावा लागणार असेल तर नको."

वडिलांचा चेहरा पडला. आबा मात्र गदगदून हसले, इतके की झगा सुटला आणि आतला पंचा सगळ्यांना दिसला. मग ट्रंकेची हकिकत सांगणं भागच पडलं. लग्न तिथेच ठरलं. जाताना वडिलांनी त्यांना आपलं धोतर नेसायला दिलं.

लग्नानंतर आबांनी मला घरी मास्तर लावून मॅट्रिकला बसवलं. मी गणितात आपटले. तोंड लपवून बसले होते, तर आबांनी अख्ख्या जिनिंगमध्ये, म्हणजे आपल्या सरकी काढायच्या कारखान्यात, पेढे वाटले. सासूबाई वैतागल्या, नापासाचे कसले पेढे म्हणून. आबांनी त्यांना शांतपणे समजावलं की मॅट्रिकची परीक्षा युनिव्हर्सिटी घेते. सूनबाईला कुणा ऐऱ्यागैऱ्याने नापास केलेलं नाही, खुद्द युनिव्हर्सिटीने केलं आहे.

पुढच्या वर्षी मी पास झाले. तार वाचून आबा ओसरीवर डोळे पुसत बसले. डोळ्यांत कापूस गेला म्हणाले. जिनिंग तेव्हा बंद होतं.