तुज्या मनाची

मुरबाडच्या बाजारात माझ्या शिवणयंत्राशेजारी एक कासारीण बांगड्यांची पेटी उघडून बसायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. जपानी काच आली होती आणि रंगांना तोटा नव्हता. समोर बाई टेकली की ही सगळे रंग पुढ्यात मांडायची आणि लांब हेल काढून म्हणायची, "बघ गो बाय, हितं तुजं राज. तुज्या मनाची घे."

डोंगरातल्या गावांच्या बाया मग लाल, निळ्या, जांभळ्या बांगड्या मनगटाला लावून लावून बघायच्या. घरी ज्यांना कुणी काही विचारत नसे, त्या तिथं घटकाभर राणी व्हायच्या. मला हसू यायचं, आणि चीडही.

एकदा एक बाप पोरीला घेऊन आला. कासारणीने सवयीने रंग मांडले. "तुज्या मनाची घे."

पोरगी म्हणाली, "मला लगीनच नाय करायचं."

"हिरव्या भर," बाप म्हणाला. "उद्या हळद हाय."

पोरीने मूठ आवळली. आवळलेल्या मुठीवरून बांगडी चढत नाही. कासारणीने तिचा हात मांडीवर घेतला, तेल चोळलं आणि अंगठ्याच्या मुळाशी नेमकं दाबलं. मूठ सुटली.

चुडा भरून झाल्यावर पोरगी रीतीप्रमाणे पाया पडायला वाकली, तेव्हा कासारणीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

त्यानंतरही ती सगळे रंग मांडायची. फक्त विचारायची, "कंचा रंग?"