गळ्याची शपथ आणि मालुबाईची पानथरी

वडगावच्या मालुबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळी गल्ली म्हणते, आणि खोटं म्हणत नाही. घरातल्या विणायच्या मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून ती शेजारणीच्या सुनेची भानगड पार कोपऱ्यापर्यंत पोचवते. अशा बाईनं लग्नापासून एक गोष्ट मात्र कुणाला कळू दिली नव्हती! ती म्हणजे पोटावरचा उभा, वीतभर व्रण. "ल्हानपणी भाजलंतं," असं तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि तम्मण्णानं बिचाऱ्यानं मानलं.

मध्यंतरी पोट दुखायला लागलं म्हणून बेळगावात स्कॅन काढलं, तर पोटात ठिकठिकाणी गाठी. डॉक्टर मंजुश्री गंभीर झाल्या. कॅन्सर असू शकतो, सोमवारी पोट उघडून बघावं लागेल, म्हणाल्या.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "डाव्या कुशीत पानथरी, म्हणजे प्लीहा, असते, ती तुमच्यात दिसतच नाही. काहींना जन्मतःच नसते. पण हा व्रण मला भाजल्याचा वाटत नाही. पूर्वी ऑपरेशन झालं होतं का? झालं असेल तर या गाठींचा अर्थच बदलेल."

मालुबाईनं तम्मण्णाकडं बघितलं आणि मान हलवली. "न्हाय हो!"

आता या बयेला काय म्हणावं? जीव टांगणीला लागलाय आणि खोटं बोलतीय! पण तिचीही अडचण ऐका. पोट फाडलेली पोरगी कोण करून घेणार, म्हणून आईनं लग्नाआधी गळ्याची शपथ घातली होती. सासरी चकार शब्द काढायचा नाही. शपथ मोडली तर आई मरणार, आणि जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणायला पाहिजे. तेही समोरासमोर; फोनवर शपथ सुटत नाही, हे मालुबाईचं पक्कं मत.

दुसऱ्या दिवशी तिनं निपाणीची बस धरली. "एकटी कशी सोडू तुला?" म्हणत तम्मण्णाही चढला. झाली का पंचाईत!

चंद्राबाई, म्हणजे मालुबाईची आई, उंबऱ्यात विड्या वळत बसली होती. कानानं ठार बहिरी. मालुबाई तिच्या कानाला लागली. "आई, शपथ सुटली म्हण."

"कसली शपथ?"

"तुझ्या गळ्याची! तूच घातलीवतीस की!"

"मी? माझा गळा काय वाटंवर पडलाय, शपथा घालत फिराय?"

मालुबाई रडकुंडीला आली. तिनं जन्मभर जपलेली शपथ घालणारीच्या ध्यानातसुद्धा नव्हती! शेवटी ती ओरडली, "अगं, ती पोटाची!"

"हां, पोटाची!" म्हातारी खुलली, आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली. "तंबाखूच्या गाडीचं जू पोटात बसलंतं, पानथरी फुटली, मिरजेला न्हेऊन काढून टाकली, ती व्हय? सुटली, सुटली! जा!"

तम्मण्णा आ वासून उभा. "म्हंजे भाजलं न्हवतं?"

"न्हाय."

"आणि मी आजपातूर तुला तेलापाशी जाऊ दिलं न्हाय! दर दिवाळीला चकल्या मी तळतोय गं!"

मालुबाईला रडता रडता हसू फुटलं. तम्मण्णानं चिडून बघितलं, पण जमलं नाही. तोही खदाखदा हसायला लागला. मग डोळे पुसत त्यानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"आधी सांगायला काय झालं होतं!" डॉक्टर कडाडल्या. दोघं बेळगावात परतल्यावर त्यांनी मालुबाईचं थोडं रक्त काढून त्यात फोटोत उजळणारं औषध मिसळलं, ते गरम केलं, परत टोचलं आणि नवा फोटो घेतला. गरम करून थकवलेल्या असल्या रक्तपेशी अडवून धरायचं काम पानथरीचं. पडद्यावर बघतात तर एकूण एक गाठ उजळलेली!

"कॅन्सर नाही, मालुबाई. पानथरी फुटली तेव्हा तिचे कण पोटात सांडले आणि तिथंच रुजून वाढले. तुमचंच अंग आहे ते, राहू दे. दुखणं पित्ताचं, गोळ्या देते. ऑपरेशन रद्द."

"म्हंजे मी जगतीया?"

"चांगल्या ठणठणीत जगताय."

"परत एकदा सांगा की. ह्यांस्नी ऐकू आलं न्हाय."

तम्मण्णाला स्वच्छ ऐकू आलं होतं; तो खिडकीकडं तोंड करून नाक ओढत होता. डॉक्टरांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला मात्र तम्मण्णानंच लावलं.