कॅमेरा आहे ना, मग फोटो काढा!

मी भोसरीहून परत आले आणि कॉन्फरन्स हॉलमध्ये शिरले, तर शाल, नारळ आणि हाराच्या ताटाशेजारी आमचा कॅमेरा उघडा पडला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमची चाकणची कंपनी उपग्रहावरच्या एक्स-रे दुर्बिणीच्या कॅमेऱ्यासाठी सेन्सर बनवते. सेन्सर म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते तसलीच चिप. फक्त हिला उजेड नको, ताऱ्यांकडून येणारे एक्स-रे हवेत. म्हणून तिच्यासमोर ॲल्युमिनियमचा पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. वर काच लावता येत नाही, कारण हे एक्स-रे काचेतच अडकतात. कितीतरी चिप तपासून त्यातली ही एक आम्ही उड्डाणासाठी निवडली होती.

आदल्या दिवशी डायरेक्टरसाहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, उद्या दिल्लीचे पाहुणे येतायत. सत्काराचा फोटो आपल्याच कॅमेऱ्याने काढू."

"सर, तो उजेडात फोटो काढत नाही."

"कॅमेरा आहे ना? मग?"

"पडदा काढावा लागेल. म्हणजे चिप गेलीच समजा. हवी तर नापास झालेली चिप लावून देते."

"पाहुण्यांना नापास माल दाखवायचा? काहीतरीच काय!"

मी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला भोसरीच्या व्हेंडरकडे पिटाळलं. का, ते हॉलमध्ये आल्यावर कळलं.

"पडदा कुठाय?" मी आमच्या टेक्निशियनला, गणेशला विचारलं.

"काढतानाच फाटला, मॅडम. मी नको म्हणत होतो, पण साहेबांनी लेन्स लावूनच घेतली."

"आणि हे ओरखडे?"

साहेबच हसत म्हणाले, "फोटोत ठिपके येत होते हो. मी चष्म्याच्या फडक्याने हळूच पुसलं."

चष्म्याच्या फडक्याने! जिच्याजवळ आम्ही नखशिखांत झाकून जातो, शिंकसुद्धा दाबून धरतो, ती चिप या माणसाने खिशातल्या फडक्याने पुसली. मी पाहुण्यांसमोरच ओरडले. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

चाचणीत चिपवर पट्टेच्या पट्टे आंधळे निघाले. नवी चिप तयार होईपर्यंत उपग्रहातली आमची जागा दुसऱ्या उपकरणाला गेली. टीमची दोन वर्षं पाण्यात. वर साहेबांनी 'हाताळणीतील त्रुटी' असा रिपोर्ट करून त्यावर माझी सही मागितली. मी केली नाही.

तो फोटो आता रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावलाय. काळापांढरा, अंधुक, साहेब पाहुण्यांना शाल घालताहेत. तारे बघायला घडवलेल्या चिपने आयुष्यात बघितलं ते एवढंच.

मी मात्र धडा घेतलाय. एक नापास चिप 'सर्वोत्तम' असं लेबल लावून कपाटात ठेवली आहे. पुढचे पाहुणे कधी येतील, सांगता येत नाही.