चौथ्या मजल्यावरचं फ्रान्स

फ्रान्समधल्या एका छोट्याशा गावात मी, माझी बायको सुषमा आणि नऊ वर्षांची नेहा असे आम्ही तिघं आठ दिवस राहून आलो. त्या आठ दिवसांत, विमानतळावर जाण्यायेण्याची भानगड सोडली, तर शारजातला आमचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही सोडला नाही.

याला कारण एक कॅलेंडर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली गोष्ट. मी तेव्हा हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात परचेस खात्यात होतो. आम्ही ज्यांच्याकडून पंप घ्यायचो ते फ्रेंच लोक दर जानेवारीला आपल्या गावाचं कॅलेंडर पाठवत. बारा महिने, बारा चित्रं. जानेवारीत टेकडीवरचा पडका किल्ला, मार्चमध्ये तीन कमानींचा दगडी पूल, मेमध्ये नदीकाठचा जुना धोबीघाट, सप्टेंबरमध्ये सफरचंदाची बाग आणि तिच्यातून कुठंतरी जाणारी पायवाट. गावाचं नाव आम्हांला धड म्हणता येत नसे, म्हणून घरात त्याला ‘कॅलेंडरातलं गाव’ म्हणायचो. चित्रांखालचा मजकूर फ्रेंचमध्ये असल्यामुळे इतिहास सांगायला मी पूर्ण मोकळा होतो!

संध्याकाळी कारखान्यातून निघून शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, की मी त्या गावात जायचो. समोर ट्रक, मागे ट्रक, बाजूला ट्रक, आणि मी आपला सफरचंदाच्या झाडाखाली पाय पसरून पडलेलो. लांबून नदीचा आवाज यायचा. धोबीघाटावरच्या दगडाला हात लावला तर तो गार लागायचा. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, की मी जड मनानं दहा फूट पुढे सरकायचो आणि पुन्हा झाडाखाली जायचो.

अशी सहा कॅलेंडरं झाल्यावर मी एके दिवशी जाहीर केलं, “या जूनमध्ये आपण तिथं जायचं. खरंखुरं!”

सुषमा आधी माझ्याकडे आणि मग भिंतीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी ही बातमी लिफ्टमध्ये सांगितली, वॉचमनला सांगितली, ग्रोसरीवाल्याला सांगितली. महिनाभर इमारतीत मी त्या गावाची व्याख्यानं दिली. कुठल्या कमानीखालून कुठल्या राजाचं सैन्य गेलं (सैन्य माझं, राजाही माझाच), किल्ला किती वर्षं लढला, सगळं.

“व्हिसाचं झालं का?” सुषमा विचारायची.

“व्हिसा म्हणजे काय, फॉर्मॅलिटी!”

निघायच्या दोन दिवस आधी फॉर्मॅलिटी परत आली. फ्रेंच व्हिसा हवा तर इथला आमचा रेसिडेन्स व्हिसा सहल संपल्यावरही तीन महिने शिल्लक हवा, आणि आमचा पुढच्याच महिन्यात संपत होता! तो रिन्यू करा म्हणून ऑफिसातला माणूस चार वेळा सांगून गेला होता. त्यासाठी वैद्यकीय तपासणीत रक्त द्यायला रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून मी चारही वेळा ‘इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात’ म्हणून त्याला वाटेला लावलं होतं.

“सांगून टाका सगळ्यांना,” सुषमा म्हणाली. “त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं ते मलाच ठाऊक होतं. दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी सिंगापूरला जायला निघाले आणि तिकिटाची तारीख उलटून गेली म्हणून विमानतळावरून परत आले. तेव्हापासून सगळी इमारत त्यांना ‘मिस्टर सिंगापूर’ म्हणते. त्यांची मुलंसुद्धा ‘सिंगापूरची मुलं’ झाली. आणि हे नाव ठेवणारा थोर विनोदी माणूस म्हणजे मी! कुलकर्ण्यांनी माझ्यासाठी कुठलं नाव काढलं असतं, या विचारानं मला दरदरून घाम फुटला.

त्यातून आमच्या समोरच्या दारात हमीदभाई. मूळचे रत्नागिरीचे, शारजात मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान. त्यांनी आणि जुलेखाभाभींनी आम्हांला आदल्या दिवशी निरोपाचं जेवण दिलं. तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली ठेवून घेतली. वर, “टॅक्सी करायची नाय हां, पेंडसेभाऊ. मी सोडणार एअरपोर्टला. आपल्या मानसाला सोडायला कोन नको?”

आता या माणसाला काय सांगणार? त्यांनी आम्हांला दुबई विमानतळावर सोडलं, सामान ट्रॉलीवर चढवून दिलं, नेहाच्या हातात चॉकलेटं दिली आणि आम्ही काचेआड दिसेनासे होईपर्यंत हात हलवत राहिले. आम्हीही हलवत राहिलो. मग आत चहा घेतला आणि टॅक्सी करून परत आलो. जूनमधली दुपारची दोनची वेळ, दुकानं बंद, सगळी इमारत जेवून झोपलेली. लिफ्टचा आवाज नको म्हणून तीन बॅगा घेऊन आम्ही चार मजले जिन्यानं चढलो.

“बाबा, आर वी इन फ्रान्स ऑर नॉट?” नेहानं दारातच विचारलं.

“हळू बोल!” मी म्हणालो. “फ्रान्समध्ये सगळे हळूच बोलतात.”

अशी आमची सहल सुरू झाली. पडदे ओढलेले. टीव्ही बंद. फोन वाजला तर वाजू द्यायचा. फोडणीला सक्त मनाई, कारण हिंगाचा वास जिन्यात गेला असता तर खलास! प्रवासासाठी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि डबाभर चिवडा यांवर आठ दिवस काढायचे होते.

पण खरं सांगतो, पहिल्याच सकाळी काहीतरी वेगळं घडलं. सुषमानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आमच्या मधोमध पलंगावर ठेवलं आणि जानेवारीचं पान उघडलं. “चला, आज किल्ला बघू,” ती म्हणाली. थट्टेनं नव्हे हं! मग आम्ही तिघंही आडवे पडून किल्ल्यावर गेलो. मी बुरूज दाखवले. नेहानं विचारलं, “इज देअर अ वॉशरूम?” मी म्हटलं, आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही फेब्रुवारीच्या पानावरच्या पवनचक्कीपाशी होतो. हिरव्या पडद्यांतून झिरपणारा उजेड, एसीची एकसारखी घरघर, आणि त्या घरघरीत हळूहळू पाणी वाहू लागलं. सफरचंदाच्या बागेत तर सुषमाला झोपच लागली, माझ्या हातावर डोकं ठेवून. लग्नाला बारा वर्षं झाली होती. इतके दिवस सलग आम्ही तिघं कधी एकत्र राहिलोच नव्हतो. ना शाळेची बस, ना ओव्हरटाइम, ना ट्रॅफिक. मी इतका सुखात होतो की मला लाज वाटली.

ही शांतता रोज पावणेचारला मोडायची. हमीदभाई नमाज पढून, दुकान उघडायच्या आधी तुळशीला पाणी घालायला यायचे. आम्ही एसी बंद करून बेडरूमला आतून कडी लावायचो. बाहेर त्यांचं तुळशीशी बोलणं चालायचं.

“काय गो बाय, तुझे मालक तिकडं थंडीत मजा करतायत. तुझी आठवन तरी हाय काय त्यांना?”

आत घामाच्या धारा लागलेले मालक श्वास रोखून उभे असायचे.

तिसऱ्या दिवशी हमीदभाई हॉलमध्येच थबकले. “घर गार कसं?” असं पुटपुटले आणि जाताना मेन स्विच बंद करून गेले. ते गेल्यावर आम्ही तो चालू केला. (उन्हाळ्यात शारजात एसीशिवाय आठ तास काढून दाखवा, मग मला नावं ठेवा!) चौथ्या दिवशी त्यांना तो चालू दिसला. त्यांनी पुन्हा बंद केला. आम्ही पुन्हा चालू केला. ते यायच्या आधी तो बंद करून ठेवावा, हे फ्रान्समध्ये कुणाला सुचणार? पाचव्या दिवशी ते भाभींना घेऊन आले.

“मी काल सोताच्या हातानं बंद केलेला, जुलेखा.”

“जिन असंल,” भाभी म्हणाल्या.

“जिन चिवडा खातो? हे बघ, सोफ्यावर सांडलाय!”

बेडरूममध्ये सुषमानं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा जिन परवडला असता.

“वायरिंगचा फॉल्ट हाय. आग लागायची नायतर. उद्या इलेक्ट्रिशन आनतो.”

उद्या म्हणजे उद्या पावणेचारला, असं आम्ही धरून चाललो. म्हणून सहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही निवांत दगडी पुलावर होतो. नेहाला आता पडून बघायचा कंटाळा आला होता, तेव्हा हॉलमध्ये निळी चादर पसरून नदी केली होती. तिच्यावर तीन बॅगा आडव्या टाकून पूल. सुषमा हातात पर्स घेऊन पुलाच्या मध्यावर तोल सांभाळत होती. मी फ्रान्ससाठी घेतलेली गवती हॅट आणि काळा चष्मा घालून, लुंगीवर, पैलतीरावरून इतिहास सांगत होतो.

“या पुलावरून राजाचं सैन्य—”

एसीच्या आवाजात किल्लीचा आवाज आला नाही. दार उघडलं. दारात हमीदभाई, भाभी आणि स्टूल घेतलेला इलेक्ट्रिशियन.

सुषमा पुलावर, नेहा नदीत, मी हॅटमध्ये. मला वाटलं, संपलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत बोभाटा होणार. कुलकर्णी तर पेढे वाटणार! त्यांच्या जागी मी असतो तर मीही वाटलेच असते, अगदी घरोघरी जाऊन.

हमीदभाईंनी शांतपणे इलेक्ट्रिशियनकडे वळून म्हटलं, “भाई, फॉल्ट मिल गया. खलास. तुम जाओ.”

दार लागलं. मी हॅट काढली. “हमीदभाई, मी सांगतो, त्याचं काय झालं...”

“आधी वयनींना पलीकडं उतरू द्या,” ते म्हणाले. “पान्यात पडतील.”

त्यांनी सुषमाला हात देऊन पूल ओलांडून दिला. मग सगळं ऐकून घेतलं. रेसिडेन्स व्हिसा, चार वेळा इन्शाल्ला, मिस्टर सिंगापूर, सगळं. ते हसतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी चपला काढल्या, नदीच्या काठाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, “बरं, ह्यो किल्ला खंय हाय? मला पन दावा की.”

भाभी घरी जाऊन सुरमईचं कालवण आणि भात घेऊन आल्या. (सहा दिवसांनी गरम जेवण! आमच्या वाटणीचे तुकडे उरलेच नाहीत, नेहानं ते नदीतच संपवले.) पुढचे दोन दिवस दोघंही दुपारी फ्रान्सला यायचे. आठव्या दिवशी हमीदभाईंनी सगळे झोपलेले असताना आम्हांला गुपचूप खाली नेलं, गाडीतून समुद्रकाठच्या कॉर्निशवर दोन चकरा मारल्या आणि संध्याकाळी इमारतीसमोर हॉर्न वाजवत, बॅगांसकट, ‘विमानतळावरून’ परत आणलं. त्या माणसापुढे मी फार लहान आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून तसंच वाटतं. कुलकर्ण्यांना मी त्यानंतर कुलकर्णीच म्हणू लागलो.

हमीदभाई कुणाजवळ एक अक्षर बोलले नाहीत. उलट ज्याला त्याला सांगू लागले, “फ्रान्सला जायचं तर आमच्या पेंडसेभाऊंना विचारा. त्यांच्यासारखं बघितलेला मानूस नाय!” लोक खरोखर विचारायला येऊ लागले. मी नकाशे काढून द्यायला लागलो, किल्ला सकाळी करा, पूल संध्याकाळी करा, बागेत घाई करू नका. आजवर तीन कुटुंबं माझ्या सांगण्यावरून त्या गावाला जाऊन, खूश होऊन आली. पहिलं कुटुंब कुलकर्ण्यांचं! तिथल्या गाइडला फारशी माहितीच नव्हती म्हणे, शेवटी त्यांनीच त्याला सगळा इतिहास सांगितला.

“आता परत कधी जाणार, पेंडसे?” असं कुणी विचारलं, की मी खांदे उडवून म्हणतो, “एकदा नीट बघून झालेलं गाव पुन्हा कशाला बघायचं?”

हमीदभाई शेजारी असले तर तेही मान डोलावतात. “बरोबर हाय. मी पन येकदाच पाह्यलं.”